आधी बाहेरचे दम, धुरा शेवटी

घनश्याम इंगोलेच्या उजव्या हाताची दोन बोटं धुऱ्यावर तुटून पडली आणि देवीलाल आडेचा डावा कान कायमचा गेला, एवढं दोन्ही वकिलांना मान्य आहे. वाद आहे तो क्रमाचा. इंगोलेचा वकील म्हणतो, आधी कुऱ्हाड चालली, मग टॉमी. आडेचा वकील म्हणतो, आधी टॉमी. टॉमी म्हणजे ट्रॅक्टरच्या चाकाचे नट सोडवायची लोखंडी दांडी. चार वर्षं झाली, दोघंही एका खटल्यात फिर्यादी आणि दुसऱ्यात आरोपी आहेत.

देवीलालला विचारलं तर तो थांबत नाही, अडखळत नाही.

"पहिले टॉमी बसली. डोक्यात पितळेची परात आपटल्यासारखं झालं अन मग एकदम सगळं बंद. तो बोलून राह्यला होता, पण मले काईच ऐकू नाई. तोंड हालताना दिसे फक्त. मग म्या मारलं."

घनश्याम त्या वेळी शिव्या देत होता की हात जोडून काही सांगत होता, हे देवीलालला ठाऊक नाही. घनश्यामला आठवत नाही.

जागा आर्णी तालुक्यातली. खटला चालू असल्याने बंजारा तांड्याचं आणि गावाचं नाव इथे दिलेलं नाही. तांड्याच्या खालच्या अंगाला घनश्याम इंगोलेचं कपाशीचं शेत, त्याच्या पलीकडे देवीलालचं, आणि त्याच्याही पलीकडे नाला. देवीलालच्या शेतात जायला एकच वाट, ती घनश्यामच्या शेताच्या कडेने, दोन शेतांमधल्या बांधावरून. इकडे त्याला धुरा म्हणतात. देवीलालच्या बापाच्या काळात त्यावरून बैलगाडी जायची. मग घनश्यामच्या घरी ट्रॅक्टर आला. दर उन्हाळ्यात नांगरताना तो धुऱ्याचं एक तास जास्त घ्यायचा. एक तास म्हणजे वीतभर. कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. गाडीची वाट मोटरसायकलची झाली, मोटरसायकलची पायवाट व्हायला आली. त्या मे महिन्यात त्याने ट्रॅक्टरचं मोठं चाक सरळ धुऱ्यावर घातलं. देवीलाल दुसऱ्या टोकाला कुंपणासाठी बाभळीच्या काट्या तोडत होता, म्हणून कुऱ्हाड हातात होती. हेही त्याच्या वकिलाला वारंवार सांगावं लागतं.

देवीलाल पंचेचाळीस वर्षांचा आहे. अंगाने सुका, मनगटं जाड. लहानपण ऊसतोडीच्या अड्ड्यांवर गेलं. बाप कोयत्याच्या मुठीने मारायचा, कारण विचारलं की आणखी एक. सोळाव्या वर्षी मुकादमाच्या माणसाने त्याच्या आईला, मानीबाईला, ढकलून दिलं तेव्हा देवीलालने त्या माणसाचं डोकं उसाच्या मोळीखाली दाबून धरलं होतं. चार जणांनी ओढून काढलं. तो माणूस जगला. त्या हंगामानंतर आडे कुटुंबाला कोणी मुकादम आगाऊ उचल देईना, आणि देवीलाल चाकणला गेला.

तिथे एका कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये तो आधी भांडी घासायचा, नंतर स्वयंपाक करायचा. गेस्ट हाउसमध्ये जपानी इंजिनियर उतरायचे. त्यातला एक साठीच्या पुढचा होता. रात्रीचं जेवण उरकलं की तो टेबलावर लाकडी पाट मांडायचा आणि समोर बसायला कोणीच नसायचं. एक दिवस त्याने देवीलालला खांदा धरून खुर्चीत बसवलं. खेळाचं नाव गो. एकोणीस रेषा उभ्या, एकोणीस आडव्या. जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे आळीपाळीने दगड ठेवायचा, एकाचे पांढरे, एकाचे काळे. ठेवलेला दगड हलत नाही. त्याच्या चार बाजूंची मोकळी जागा म्हणजे त्याचा श्वास. देवीलाल त्याला दम म्हणतो. एका रंगाचे लागून असलेले दगड एका टोळीसारखे, त्यांचे दम एकत्र मोजायचे. सगळे दम शत्रूने बुजवले की टोळी मेली. मेलेल्यांना पाटावरून उचलायचं.

"उचलायचं म्हणजे नखानं एकेक," देवीलाल सांगतो. "घाई नाई करायची. समोरच्याले पाहू द्यायचं."

त्याला या खेळातला एकच प्रकार मनापासून आवडला. दोन टोळ्या एकमेकींच्या पोटात अडकतात, दोघींना चहूकडून वेढा पडतो, पळायला वाट नाही. आता एक मरणार. जो दुसऱ्याचे दम आधी संपवील तो वाचणार. इथे दम दोन जातींचे असतात. काही बाहेरच्या बाजूचे, एकाच टोळीच्या मालकीचे. काही दोन टोळ्यांच्या मधले, सामायिक. बाहेरच्या दमावर दगड ठेवला तर फक्त शत्रूचा गळा आवळतो. मधल्या दमावर ठेवला तर शत्रूचा एक दम जातो आणि आपलाही एक जातो. म्हणून आधी बाहेरचे बुजवायचे, मधले अगदी शेवटी. नियम लहान पोराला कळेल इतका सोपा आहे.

देवीलालला तो आठ महिने कळला नाही. त्याचा हात दर वेळी आधी मधल्या जागेवर जायचा. इंजिनियरजवळ एक पोलादी पट्टी असायची. चुकीची चाल झाली की ती बोटांच्या सांध्यावर आडवी बसायची. "बाहर," तो म्हणायचा. "बाहर, बाहर. अंदर लास्ट." त्याला तेवढंच हिंदी येत होतं. देवीलालच्या उजव्या हाताच्या सांध्यांवर अजून पांढरे वळ आहेत. एकदा रक्त आलं तेव्हा म्हाताऱ्याने स्वतः मलमपट्टी केली आणि तोच डाव पुन्हा मांडला.

बाप वारला आणि देवीलाल तांड्यावर परतला. शेत कसायला कोणी नव्हतं. खेळायलाही कोणी नव्हतं. त्याने एका वाढदिवसाच्या फ्लेक्सची मागची बाजू घेऊन त्यावर रेषा मारल्या. काळ्या दगडांऐवजी चिंचोके घेतले. पांढऱ्यांऐवजी मानीबाईच्या जुन्या झुली आणि पिशव्यांवरच्या कवड्या उसवल्या. बैलांच्या पाठीवर माल वाहायचे दिवस संपून कित्येक पिढ्या झाल्या, झुली पेटीत तशाच होत्या. मानीबाई तेव्हा जिवंत होती. तिने चार दिवस मुलाशी बोलणं टाकलं. मग तो बायकोला, संगीताला, शिकवू लागला.

संगीता चांगली उंच, आवाज खर्जातला. तिला मारामारीचा खेळ आवडला नाही, पण नवऱ्याला हरवणं आवडलं. तिच्या खेळात घाई नाही. देवीलाल पाटावर तुटून पडतो, ती त्याला पडू देते.

*

खटला यवतमाळच्या कोर्टात आहे. तारीख म्हणजे दिवस जातो. सकाळच्या एसटीने यायचं, व्हरांड्यात बसायचं, पुकारा झाला की आत जायचं, पुढची तारीख घेऊन बाहेर यायचं. देवीलाल आणि संगीता फ्लेक्स घेऊन येऊ लागले. दोघांच्याही वकिलांनी आपापल्या अशिलाला बजावलं होतं, समोरच्याशी एक शब्द बोलायचा नाही. खेळू नका असं कोणी म्हटलं नव्हतं.

पहिल्या दोन तारखांना घनश्याम लांबून बघत होता. तिसऱ्या तारखेला डोक्यावर येऊन उभा राहिला. तो देवीलालपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा, पोट सुटलेला, उजवा हात पँटच्या खिशात ठेवायची सवय लागलेली.

"काय मांडलं बे, दुकान?"

देवीलालने मान वर केली नाही.

"ऐकू नाई आलं वाट्टे. तो कान गेला नाई का तुह्या."

संगीता म्हणाली, "भाऊ, बसता का? का उभ्यानंच मरता?"

घनश्याम बसला. संगीता बाजूला झाली. कवड्यांचा डबा त्याच्यापुढे सरकवला तर त्याने तो पायाने ढकलला. "तुमच्या बायांच्या कवड्या मी नाई घेत हातात." त्याने चिंचोके घेतले. पकड जमेना, म्हणून डाव्या हाताने ठेवू लागला. देवीलालने त्याला पहिल्या डावात तीनदा मारलं. प्रत्येक वेळी मेलेले चिंचोके एकेक करून उचलले आणि मोजायचं नाटक करत घनश्यामच्या गुडघ्याजवळ ठेवले.

पुढे दर तारखेला ते खेळले. एकमेकांशी बोलायचे ते खेळाबद्दल, आणि तेही मारण्याच्याच भाषेत. हा मेला. तो मरते आता. गळा धरला तुह्या. कोर्टातला एक हवालदार त्यांच्यापासून दोन हातांवर खुर्ची टाकून बसू लागला.

घनश्यामची चूक तीच होती. दोन टोळ्या अडकल्या की त्याचा हात सरळ मधे जायचा. बाहेर मोकळे दम दिसत असूनही तो मधला सामायिक दम आधी बुजवायचा आणि मरायचा. व्हरांड्यात तारखेला आलेल्या आणखी दोघा शेतकऱ्यांनी हौसेने खेळून पाहिलं, त्यांनीही तेच केलं. तिथल्या एका कारकुनाने केलं नाही. देवीलालचं म्हणणं असं की ज्याने आयुष्यभर शेजाऱ्यासंगं धुरा वाटून घेतला, त्याचा हात आपसूक धुऱ्यावर जातो. शेताच्या बाकीच्या तीन बाजूंना काय चाललंय, तो बघत नाही. धुऱ्यावर वीतभर मिळालं की रात्री त्याला झोप लागते.

"तो धुरा कोरते अन मरते," देवीलाल म्हणायचा.

"तुमी काय कमी का," संगीता म्हणायची. "तुमाले पट्टी खाऊन अक्कल आली."

वर्षभराने घनश्यामचा खेळ सुधारला, मधे जाणारा हात मात्र अधूनमधून सुटायचाच. घरी तो बायकोला, इंदुताईला, समोर बसवून शेंगदाणे आणि उडदाच्या दाण्यांवर सराव करत होता, हे नंतर कळलं.

*

त्या फेब्रुवारीच्या तारखेला न्यायाधीश रजेवर होते. पुकारा उशिरा होणार होता, म्हणून डाव लांबला. डाव्या कोपऱ्यात देवीलालच्या कवड्यांची मोठी टोळी चिंचोक्यांनी घेरली. त्याच टोळीच्या पोटात शिरलेली चिंचोक्यांची तेवढीच मोठी टोळी कवड्यांनी घेरली. दोघींपैकी कोणालाच बाहेर पडता येईना. दोन-चार माणसं भोवती जमली.

घनश्याम म्हणाला, "हे तुह्यं मेलं त धुरा माह्या."

देवीलालने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"अन तुह्यं मेलं त?"

"त बैलगाडी जाईन एवढी वाट सोडतो. मायची आण."

"सेवाभायाची आण," देवीलालने तांड्याच्या देवाची शपथ घेतली.

संगीताने नवऱ्याच्या पाठीत कोपर मारलं, पण शब्द गेला होता. तेवढ्यात पुकारा झाला. दोघांनी आपापल्या मोबाइलवर पाटाचा फोटो काढला आणि आत गेले. तारीख पडली महिनाभरानंतरची. चाल देवीलालची होती.

घरी ओट्यावर त्याने ती जागा जशीच्या तशी मांडली. कवड्यांना बाहेरच्या बाजूने चार दम. चिंचोक्यांना बाहेरच्या बाजूने तीन, पण त्यातला एक फसवा. त्या जागी कवडी सरळ ठेवली की तीच मरते. आधी तिच्या शेजारी एक कवडी रोवून जागा पक्की करायची, मगच आत जायचं. म्हणजे चिंचोक्यांचे तीन दम बुजवायलाही चारच चाली. मधे दोन सामायिक दम. देवीलाल त्यांना धुराच म्हणू लागला.

संगीता घनश्याम झाली. चिंचोके घेऊन समोर बसली.

देवीलालने आधी सोपे दम घेतले. फसवा शेवटी बघू, असा हिशेब. दुसऱ्या चालीनंतर संगीताने त्या फसव्या दमाशेजारी आपणच चिंचोका ठेवला. जागा कायमची बंद झाली, चिंचोक्यांना उलट नवी हवा मिळाली. थोड्याच चालींत तिने कवड्यांची अख्खी टोळी उचलली.

"मेले तुमी."

त्याने पुन्हा मांडलं. या वेळी आधी मधे मारलं, बघू तर काय होतं म्हणून. धुऱ्यावर एकच दम उरला आणि चाल संगीताकडे गेली. बाहेरचे चार तिकडे, चार इकडे, आणि तिची चाल आधी. एका चालीने देवीलाल मागे पडला.

"पुन्हा मेले."

दिवसेंदिवस हे चाललं. तूर काढून झाली होती, शेतात फारसं काम नव्हतं. देवीलाल जेवताना मधेच उठून ओट्यावर जायचा. एकदा रागात त्याने फ्लेक्स उधळला आणि कवड्या अंगणभर झाल्या. संगीताने त्याच्या हातात टॉर्च दिली आणि शेवटची कवडी मिळेपर्यंत दारात उभी राहिली.

मग त्याने फसवा दम आधी घेतला. सगळ्यांत अवघड, सगळ्यांत लांबचा, ज्याने लगेच काहीच मरत नाही. शेजारची कवडी रोवली. संगीताने बाहेरून त्याचा एक दम घेतला. त्याने एक. तिने एक. शेवटी बाहेर काहीच उरलं नाही. दोघांच्या टोळ्यांना फक्त मधले दोन दम. चाल देवीलालची.

त्याने हात पुढे नेला आणि थांबला. मधे ठेवली की त्याचाही एकच दम उरतो, तिचाही एकच, आणि चाल तिची. ती त्याला उचलणार. तो थांबला आणि तिने आधी ठेवला, तर तो तिला उचलणार. जो हात घालील तो मरतो. म्हणून कोणीच घालत नाही आणि दोघं तसेच जगतात, एकमेकांच्या गळ्यावर हात ठेवून. म्हातारा इंजिनियर याला सेकी म्हणायचा.

"म्हंजे कोणीच नाई मरत," संगीता म्हणाली.

"मले त्याले मारायचं हाय."

"मग तो धुऱ्यावर हात घालन तवाच. तुमी नाई घालायचा."

देवीलालने आणखी पंधरा दिवस मारायची वाट शोधली. एक कवडी बळी देऊन पाहिली, संगीताने ती खाल्ली आणि तरी तिचा श्वास कमी झाला नाही. क्रम उलटा-पालटा करून पाहिला. वाट नव्हती. अचूक खेळलं तर दोघं जगणार, आणि देवीलालची वाट आहे तशी, पायवाटेएवढी, राहणार. मरणार तो, ज्याचा हात आधी सुटेल. घनश्यामचा हात सुटेल याबद्दल देवीलालला खात्री होती. त्याने तो दीड वर्ष सुटताना पाहिला होता.

*

मार्चची तारीख. व्हरांड्यात गर्दी. फ्लेक्स उलगडला, फोटो बघून दोघांनी जागा मांडली. देवीलालने फसव्या दमाशेजारी कवडी रोवली.

घनश्याम बराच वेळ पाटावर वाकून होता. डावा हात मधे आला, धुऱ्यावर अधांतरी राहिला, आणि बाहेर गेला. त्याने बाहेरचा दम घेतला.

संगीताने नवऱ्याकडे पाहिलं.

पुढच्या चाली भराभर झाल्या. बाहेर एक, बाहेर एक. चिंचोका आपटल्याचा आवाज, कवडी आपटल्याचा आवाज. मधले दोन दम सोडून सगळं बुजलं. चाल देवीलालची. पाटावर इतरत्र कुठेही कवडी ठेवायची आणि गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. त्याने डब्यातून कवडी घेतली.

तेव्हा घनश्याम जागेवरून उठला आणि त्याच्या उजव्या बाजूला, ऐकू येणाऱ्या कानाकडे, येऊन बसला.

"आज सकाळी ट्रॅक्टर घातला धुऱ्यावर," तो हळूच म्हणाला. "आता तुही पायवाट बी नाई. मानीबाईचा दगड होता ना त्या टोकाले, शेंदूर लावलेला? थो नाल्यात हाय."

मानीबाई आदल्या वर्षी वारली होती. दगड तिने मांडलेला होता.

संगीता म्हणाली, "ऐकू नका." हे तिने डाव्या बाजूने म्हटलं.

देवीलालने कवडी मधल्या दमावर मारली. इतकी जोरात की शेजारच्या चार कवड्या जागच्या हलल्या. घनश्यामने त्या सरळ केल्या. मग डाव्या हाताने मधल्या दुसऱ्या जागेवर चिंचोका ठेवला. कवड्यांची टोळी मेली. तो ती उचलू लागला. त्यासाठी त्याने उजवा हात खिशातून काढला, तीन बोटांचा, आणि एकेक कवडी अंगठ्याने दाबून उचलली. ज्या कवड्या तो हातात घेत नव्हता, त्या त्याने संगीताच्या पदरात टाकल्या.

देवीलालने ते मनगट धरलं आणि उलटं पिळलं. हवालदाराची काठी त्याच्या पाठीवर तीनदा बसली तरी सुटेना. चौथी कोपरावर बसली तेव्हा सुटलं. घनश्याम भिंतीला टेकून धापा टाकत हसत होता.

"ट्रॅक्टर त आर्णीले मिस्त्रीकडे पडून हाय आठ दिवसांपासून," तो म्हणाला. "मेला बे तू, देवल्या."

देवीलाल आणि संगीता एसटीतून उतरून घरी न जाता सरळ शेतात गेले. धुरा होता तसाच होता. शेंदूर लावलेला दगडही होता. देवीलाल त्या दगडाजवळ बसला आणि कपाळ त्याच्यावर आपटू लागला. संगीताने त्याला केस धरून मागे ओढलं.

"आण घेतली म्या," तो म्हणाला. "धुरा त्याचा झाला."

"आण तुमी घेतली. म्या नाई," संगीता म्हणाली. "सातबाऱ्यावर माह्यं बी नाव हाय."

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात घनश्याम ट्रॅक्टर घेऊन आला. सकाळची वेळ, तांड्यावरच्या बाया नाल्यावर निघालेल्या. देवीलाल स्वतःच्या शेताच्या काठावर उभा राहिला, हात पाठीमागे बांधून. आण मोडायची नाही, हे त्याने तांड्यावर सगळ्यांना सांगितलं होतं.

संगीता कुऱ्हाड घेऊन धुऱ्यावर गेली. जुनी कुऱ्हाड कोर्टात मुद्देमाल म्हणून जमा आहे. ही नवी होती. नांगर लावलेला ट्रॅक्टर चालवणारा माणूस पुढे कमी आणि मागे जास्त पाहतो. तिने त्याला मागे पाहू दिलं, बाजूने चालत गाठलं आणि पहिला घाव डिझेलच्या पाइपवर घातला. दुसरा तिथेच. डिझेल तिच्या पायांवर उडालं. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मग ती पुढे गेली आणि दोन्ही पुढच्या चाकांचे हवेचे व्हॉल्व्ह तोडले.

"टायर पहिले फोडलं असतं त तसाच अंगावर घातला असता त्यानं," देवीलाल सांगतो. "पाइप पहिले. मग टायर." चाकणची पट्टी तिने कधी खाल्ली नव्हती.

घनश्याम टॉमी घेऊन खाली उडी मारून आला. संगीता मागे सरकली नाही. कुऱ्हाड तिने खाली, मांडीला लावून धरली होती.

"मारा," ती म्हणाली. "म्या ट्रॅक्टरले मारलं, तुमाले नाई. मांगं पाहा किती बाया हाय. या खेपेले पहिले कोणी मारलं, थे सगळ्यायले दिसू द्या."

बाया थांबल्या होत्या. दोघींच्या हातात मोबाइल होते. घनश्यामने टॉमी डोक्यावर नेली आणि फिरवली. ती संगीताच्या कानाजवळून गेली आणि ट्रॅक्टरच्या दिव्यावर बसली. काच तिच्या गालात घुसली. तिने हात लावून पाहिलं नाही. रक्त हनुवटीवरून चोळीवर गळत राहिलं. तो पुढे येईना, ती पुढे जाईना. देवीलाल म्हणतो, त्या वेळी त्याने पाठीमागे बांधलेले हात कसेबसे आवरले, स्वतःच्या नखांनी तळव्यातून रक्त काढलं होतं.

शेवटी इंदुताई गावाकडून पदर खोचून आली. नवऱ्याच्या हातातली टॉमी तिने काढून घेतली नाही, फक्त त्याच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "चला आता. न्याहारी थंडी होऊन राह्यली." तो गेला.

पोलिसांनी पंचनामा केला आणि पुढचं सांगेपर्यंत ट्रॅक्टर हलवायचा नाही असं बजावलं. परवानगी मिळेपर्यंत पाऊस होऊन गेला होता आणि काळ्या मातीत तो धुऱ्यावरच चाकांच्या आसापर्यंत रुतला होता. घनश्यामच्या बाजूने ओढायची सोय नाही, तिकडे चढ आहे आणि कपाशी उभी आहे. ओढायचा तर देवीलालच्या शेतातून, आणि तिथे संगीता कोणाला पाय ठेवू देत नाही. तो ढकलून नाल्यात घालावा असं देवीलालला रोज वाटतं. तसं केलं तर खटल्यांची आणखी एक जोडी. ट्रॅक्टर आणि धुऱ्याचा काठ यांच्या मधे एक माणूस अंग आडवं करून जाईल एवढी जागा उरली आहे. देवीलालने यंदा बी आणि खत तिथून डोक्यावर नेलं. ट्रॅक्टरच्या सीटवर गवत उगवलं आहे. त्याच्या पलीकडे धुरा नांगरला गेलेला नाही.

तिसऱ्या खटल्यातही वाद क्रमाचाच आहे. कुऱ्हाड आधी, की टॉमी.

तारखा पडतात, दोघं येतात. अजून ते पुन्हा एकमेकांसमोर खेळायला बसलेले नाहीत. घरी मात्र देवीलाल संध्याकाळी ओट्यावर तो मार्चचा डाव मांडतो, शेवटच्या चालीपर्यंत नेतो आणि कवडी हातात धरून बसतो. समोर संगीता असते. गालावरचा व्रण आता वाळला आहे. तिच्या हाताशी बाभळीची एक चपटी फोक असते. देवीलालची बोटं मधल्या दोन जागांकडे सरकली, की ती फोक सांध्यांवर आडवी बसते.

"बाहेर," संगीता म्हणते.